एकीपुरती परवानगी

"तुम्ही कोणाला भेटलात, काका?" कोर्टाच्या पायऱ्या उतरताना वकीलबाईंनी विचारलं.

"दवाखान्याच्या मोठ्या साहेबांना. घरी जाऊन हात जोडले."

परदेशी कामगारांसाठी झटणाऱ्या एका संस्थेत काका दुभाष्याचं काम करत; वकीलबाई त्याच संस्थेच्या. अशा कामगारांना इथे येऊन पाच वर्षं होईपर्यंत सरकारी दवाखान्यात डायलिसिस मिळत नसे. त्या नियमाविरुद्ध संस्थेने लॉन्ड्रीत काम करणाऱ्या एका बाईच्या नावाने दावा लावला होता. ती जिंकली असती, तर सगळ्यांचीच वाट मोकळी झाली असती. पण तारखा पुढे जात राहिल्या आणि बाईच्या पायांवरची सूज वाढत गेली. चार शब्द बोलली तरी तिला धाप लागे.

काकांच्या मूळ देशात संस्था काढायलाच बंदी होती. तिथे कोणासाठी काही मागायचं तर मागच्या दाराने, साहेबाचा नूर बघून. तसं मागून काकांनी कितीतरी माणसं जगवली होती. इथेही त्यांना तेच सुचलं. साहेबांनी बाईला खास बाब म्हणून परवानगी दिली.

आज सरकारी वकिलाने नेमकं तेच पुढे केलं. बाईंना उपचार मिळताहेत, मग तक्रार कसली? दावा निकाली निघाला. नियम जागच्या जागी राहिला.

"मला आधी सांगायचंत."

"तुम्ही थांबा म्हणाला असतात."

"म्हणाले असते."

"ती थांबली नसती, बाई."

वकीलबाईंनी हातातली फाइल पिशवीत घातली. नव्याने दावा लावायचा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं.

पुढच्या आठवड्यात एक रंगारी संस्थेत आला. त्यालाही तोच आजार.

"काका, साहेब तुमच्या ओळखीचे आहेत म्हणे. माझ्यासाठी शब्द टाकाल?"

संध्याकाळी काका त्याला साहेबांच्या घरी घेऊन गेले. रंगारी फाटकाशी थांबला. साहेबांनी दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही.

"एकदा माणुसकी दाखवली. आता रोज कोणाकोणाला दाखवू?"

दार लागलं. काका सावकाश फाटकापाशी आले.

"काय म्हणाले?"

आयुष्यभर काकांनी एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावलं होतं. हे मात्र त्यांना कुठल्याच भाषेत सांगता येईना. रंगारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग नजर वळवून त्याने कुंपणाच्या भिंतीवर हात फिरवला.

"पापुद्रे सुटलेत," तो म्हणाला. "खरवडून रंगाचे दोन हात दिले पाहिजेत. बरा झालो की देईन म्हणावं साहेबांना."

"सांगतो," काका म्हणाले, आणि त्याच्या चालीने चालू लागले.