जांभळी छटा

वान्येकने हातात पांढरे सुती मोजे चढवले, संग्रहालयाच्या कपाटातून सातवा आल्बम काढला आणि तो ठेवण्याआधी टेबल दोनदा पुसलं. समोर बसलेल्या बाईला त्याने हात मांडीवर ठेवायला सांगितलं. तिने शाळेतल्या मुलीसारखे लगेच ठेवले.

तिचं नाव एदिता पोलाकोवा. युद्धाच्या तोंडावर, ती सहा वर्षांची असताना, तिचे वडील डॉक्टर पोलाक यांनी तिला एकटीला आगगाडीत बसवून इंग्लंडला धाडलं. तीन वर्षांनी नाझींनी डॉक्टरांना दुसऱ्या गाडीत कोंबून पूर्वेला नेलं, ते परत आले नाहीत. गाव सोडल्यानंतर ती आज, एकोणतीस वर्षांनी, परत आली होती. तिची चेक भाषा सहाव्या वर्षीच थांबलेली, म्हणून ती पस्तिशीतही, लहान मुलं म्हणतात तसं, वान्येकला ‘काका’ म्हणत होती. पलीकडच्या टेबलावर सूचीची कार्डं लावणाऱ्या कुबातोवाबाईंना त्याची गंमत वाटली.

"आमच्या वान्येकना आयुष्यात पहिल्यांदा कोणी काका म्हटलं बरं का," त्या म्हणाल्या.

वान्येक हसला नाही. तो आल्बम उघडत होता आणि त्या वेळी तो कधीच हसत नसे.

आल्बममध्ये स्कालाच्या नावचिठ्ठ्या होत्या. स्काला गावचा कादंबरीकार. स्वतःच्या कादंबऱ्यांची चित्रं स्वतःच लाकडात कोरायचा. पुस्तकाच्या आत मालकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची ही चेक लोकांची जुनी हौस, त्यामुळे अर्ध्या गावाने त्याच्याकडून त्या करून घेतल्या होत्या. एकोणीसशे बावन्न साली वरून हुकूम आला आणि युद्धात घराघरांतून जप्त होऊन संग्रहालयात पडलेली पुस्तकं लगद्यासाठी कागद गिरणीत निघाली. तेव्हा वान्येकने आठवडाभर संग्रहालयाच्या तळघरात बसून पुठ्ठे फाडले, ते टबात भिजवले आणि दोनशे अकरा चिठ्ठ्या सोडवल्या. नोकरी जाऊ शकली असती. त्याच्या उभ्या जन्मातलं शौर्य म्हणावं तर तेवढंच.

सातव्या आल्बमच्या शेवटच्या पानावर एकाच चित्राच्या सहा चिठ्ठ्या होत्या. चष्मा लावून वाचत बसलेली हंसीण आणि खाली अक्षरं: ‘हे पुस्तक एदिताचं’.

"या प्रागमधल्या प्रदर्शनात जाऊन आल्यात," वान्येक म्हणाला. "जांभळी छटा बघा. प्रत्येकीवर वेगळी आहे. स्कालाने हाताने दिलीय असं तिथल्या तज्ज्ञांनी लिहिलंय. इतर कुठल्याच चिठ्ठीवर ती नाही."

एदिता छटा बघत नव्हती. ती सहाच्या सहा मोजत होती.

मग आपल्या मोडक्या भाषेत तिने सांगितलं ते असं. दर वाढदिवसाला बाबा एक पुस्तक आणायचे. चिठ्ठीच्या मागे तिच्यासाठी एक ओळ लिहायचे, तिला दाखवायचे नाहीत, आणि चारी कडांना खळ लावून ती चिठ्ठी पुस्तकात चिकटवायचे. अठरा वर्षांची झालीस की सगळ्या सोडव, म्हणायचे. बाबांच्या हातचं एक अक्षरही तिच्यापाशी नव्हतं. त्यांची पत्रं इंग्लंडमधल्या मावशीच्या घराबरोबर बाँबमध्ये जळली.

"काका, सुरीने एक कड उचलाल? नको, माझ्याकडे देऊ नका. इथेच वाचते आणि जाते."

वान्येकच्या मनात आधी आलं ते नेहमीचंच: परवानगी, अर्ज, समिती. तो तसं बोलूनही गेला. शिवाय शाई फिकी झाली असेल, हेही त्याने जोडलं.

"शाई नाही," ती म्हणाली. "कॉपिंग पेन्सिल. ओली झाली की जांभळी उमटते ती. बाबा तिचं टोक जिभेवर ओलं करायचे. त्यांचा ओठ कायम जांभळा. आई ओरडायची."

कुबातोवाबाईंची कार्डं थांबली. टबातलं पाणी ओतायला त्या वेळी त्याच मदतीला होत्या.

वान्येकने मोजे काढले. नीट घडी घालून खिशात ठेवले, पुन्हा बाहेर काढले. त्या पाण्याचा रंग त्याला चांगला आठवत होता. चिठ्ठ्यांची मागची बाजू जांभळ्या रंगाने लडबडलेली त्याने पाहिली होती आणि रंग सुटला म्हणून त्या आणखी दोनदा खळबळून काढल्या होत्या.

"मी त्या धुतल्या," तो म्हणाला. "मागे काही राहिलेलं नाही. मीच धुतल्या, बाई."

त्याला वाटलं, हिने आता ओरडावं. तिने फक्त विचारलं, "मग हा रंग?"

"तो त्यांच्या अक्षरांचाच."

एवढं बोलून त्याने चिठ्ठ्यांवरचा पारदर्शक कागद उचलून बाजूला ठेवला आणि तो खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. सोळा वर्षांत त्याने मंत्र्यालाही त्या पानाला बोट लावू दिलं नव्हतं.

एदिताने बोट जिभेवर ओलं केलं आणि पहिल्या चिठ्ठीवर, हंसिणीच्या पायाशी, टेकवून धरलं. मग ते तोंडात घातलं. असं तिने सहा वेळा केलं.

ती निघाली तेव्हा कुबातोवाबाईंनी रुमाल पुढे केला.

"ओठाला लागलंय, बाळ."

"माहीत आहे," एदिता म्हणाली आणि रुमाल न घेता कोटाची बटणं लावू लागली.