खाली मॉडेलची सही

भागवतने उजव्या पायाचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला आणि भिंतीला धरून, एका पायावर तोल सांभाळत, जमिनीवर ठेवलेल्या अकराव्या चित्राच्या कोपऱ्यात दाबला. हाताची दहाही बोटं आधीच्या दहा चित्रांत कामी आली होती. पायाचा ठसा जरा ऐसपैस उमटला, म्हणून त्याखाली त्याने देवलाचं नाव लिहिलं. देवला अंगाने दांडगा गडी. त्याला तो शोभून दिसला असता.

ही वेळ विश्वंभर सरांमुळे आली, असं तो स्वतःला सांगत होता. हिंगोलीला चित्रकलेच्या वर्गात गेल्या वर्षी पोरांनी फोटो बघून चेहरे काढले आणि सरांच्या गळ्यात मारले. तेव्हापासून सरांनी नियमच केला: वीस व्यक्तिचित्रं, समोर माणूस बसवून काढलेली, आणि प्रत्येकाखाली त्या माणसाची सही नाहीतर अंगठा. सोमवारी अकराच्या आत वीस चित्रं जमा झाली नाहीत, तर परीक्षेचा फॉर्म पुढे जाणार नव्हता. म्हणजे वर्ष बुडालं. आणि भागवतचे वडील तातेराव तर, पोरगं आता ड्रॉइंग मास्तर होणार, असं वारंगा फाट्यावरच्या चहावाल्यालासुद्धा सांगून बसले होते.

पंधरा दिवस होते हाताशी. ते कुठे गेले, हे त्याच्या खिशातल्या माउथ ऑर्गनला विचारावं. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर असंच काहीबाही बघताना त्याला ब्लूज नावाचं गाणं सापडलं. परमुलखातला एक म्हातारा काळा गवई, लाकडी पायरीवर बसलेला, माउथ ऑर्गन तोंडाला लावून असा काही सूर ओढत होता की भागवतचं जेवण ताटातच राहिलं. गाण्यातले शब्द त्याला निम्मेसुद्धा कळत नव्हते. पण रडू आवरताना माणसाच्या गळ्यात जे होतं ते हे, एवढं त्याला बराबर कळलं. त्याने नांदेडहून माउथ ऑर्गन आणला. तिसऱ्या भोकातला सूर श्वास आत ओढताना खाली वाकवायचा, ही त्यातली खरी मेख. या पंधरा दिवसांत तो सूर जरा जरा वाकायला लागला होता. कागद घेऊन बसलं की हात खिशाकडे जाई. उद्या काढू, परवा काढू, असं करत रविवार उजाडला.

मग त्याने मोबाइलमधले असलेच वीस गवई काढले. ते चेहरे त्याला पाठ होते. कुणाला पटका बांधला, कुणाच्या हॅटची टोपी केली, गिटारी गाळल्या, एका गाणारीच्या डोक्यावर पदर दिला. खाली गावातल्या माणसांची नावं घातली. चित्रं, खरं सांगायचं तर, झकास उतरली होती. त्याचीच त्याला जास्त लाज वाटत होती.

"भागवता, हायेस का?"

दारात शेजारची भिकाबाई उभी होती. अंगावर लग्नकार्यातलं हिरवं लुगडं, केस चापून बसवलेले. चित्रं गोळा करायला भागवत खाली वाकला, पण खोलीभर पसरलेली चित्रं दोन हातांत मावतात थोडीच.

"काकू, तुमी काहून आल्या? म्हणजे... मीच येणार होतो."

"तूच म्हणला व्हतास ना, काकू, तुमचं चित्र काढतो, तयार राहा म्हणून. गुरुवारपासून ओट्यावर बसून राहिले. हळदीच्या कामालाबी गेले न्हाई."

तो म्हणाला होता खरा. गल्लीतून जाता जाता, सहज.

"मग हाक मारायची ना."

"तू वाजवून राहिला व्हतास. म्हणलं, लेकराचं चाललंय, कशाला मधी तकलीफ द्यावी. रोज एकाच जागी अडकत व्हतास. काल जमलं बग, न्हाई का?"

काल जमलं होतं. घरात कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. भागवतच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

भिकाबाई लुगडं सावरत खाली बसली. "आधार कार्डावर मी चोरावानी दिसते. दुसरा फोटो न्हाई घरात. म्हणलं, तुज्या हातचं एक असावं." बोलता बोलता तिची नजर चित्रांवरून फिरली आणि एका चित्रावर थांबली. "हे माजं नाव हाय."

बचत गटात ती सही करायला शिकली होती. तेवढीच अक्षरं तिला येत, आणि नेमकी तीच तिथे होती. पदर घेतलेल्या त्या परक्या गाणारीकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग नावाशेजारच्या निळ्या ठशाकडे बघितलं, आणि मग भागवतच्या निळ्या बोटांकडे.

"कोण हाय रे ही?"

"गाणं म्हणते," भागवत म्हणाला.

"लई सोसलेली दिसती बाई."

तेवढ्यावर त्याचा बांध फुटला. सरांचा नियम, वाया गेलेले दिवस, सोमवार, सगळं त्याने खाली मान घालून सांगितलं. तिने दोन शब्द सुनावावेत, असं त्याला मनापासून वाटत होतं. चार सुनावले असते तरी चाललं असतं.

"पण अंगठा काहून लावलास माज्या नावापुढं?" भिकाबाई म्हणाली. "मला सही येती. आण पेन."

तिने ठशावर एक रेघ मारली आणि जीभ दातांत धरून, एकेक अक्षर दाबून दाबून, चित्राखाली सही केली. पेन परत देताना म्हणाली, "सरानं इचारलं तर सांग, बाई बसली व्हती म्हणून. खोटं न्हाई ते. बसलेच व्हते मी."

सोमवारी विश्वंभर सर चित्रं उलटत गेले. भिकाबाईच्या नावाचं चित्र आलं तसा सरांचा हात थांबला. खोडलेला ठसा आणि वाकडीतिकडी सही त्यांनी चष्मा वर करून बघितली, मग कागद सगळ्या वर्गाला दाखवला.

"हे बघा. माणूस समोर बसवलं ना, की डोळ्यांत असं उतरतं. आणि मॉडेलला कामाचा केवढा मान, अंगठा खोडून सही केलीय बाईनं."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. भागवत आपल्या चपलांकडे बघत उभा राहिला. बाकीच्या चित्रांवर सरांनी न बघताच शिक्के मारले.

दुपारी तो गावात उतरला तेव्हा भिकाबाई ओट्यावर हळदकुंडं निवडत होती.

"घेतलं का सरानं?"

"व्हय."

"वर्ष वाचलं म्हण की."

"वाचलं. तुमच्या सहीनं."

"बरं झालं बाबा." तिने सूप बाजूला ठेवलं, हात पुसले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि भिंतीला पाठ लावून ताठ झाली. "मग आता बसू का?"

भागवतने घरातून बोर्ड आणला, कागद लावला. पेन्सिलीला टोक होतं, तरी पुन्हा काढलं. कागदावर एक रेघ मारली, ती खोडली, तिथेच दुसरी मारली. भिकाबाई हनुवटी वर करून, न हलता, कितीतरी वेळ बसून होती.

"भागवता," शेवटी ती म्हणाली, "वर बग की रे. खाली बगून माजं तोंड कसं काढशील?"