धुळाजीचा साचा

छबुबाईचा नवरा धुळाजी बहात्तरच्या दुष्काळात विहिरीच्या सुरुंगात गेला. नेकनूरच्या शिवारात सरकारी विहिरीचं काम चाललं होतं. वात पेटवून वर चढताना दोर सुटला, आणि जे वर काढलं ते गोणपाटात गुंडाळूनच घरी आणलं. छबुबाईला तोंड बघू दिलं नाही, तिच्या सासूला, केसरबाईलाही नाही. घरात त्याचा एक फोटो नव्हता. लग्नात फोटोवाला बोलवायची ऐपत नव्हती आणि नंतर तसं कधी कारण पडलं नाही.

पुढं दोन वर्षं सासू-सुना खडी फोडायला जात. तिथून छबुबाईला उठवलं ते ईश्वरप्पानं. गावात त्याचं वह्या-कागदाचं दुकान होतं आणि गल्ल्यापेक्षा त्याचा जीव बाहुल्यांत. त्यानं छबुबाईच्या टोपल्या पाहिल्या होत्या. रद्दी भिजवायची, कांडायची, मेथीची पूड घालून त्या लगद्यानं टोपली लिंपायची, हे काम गावातली कुठलीही बाई करी. पण छबुबाईच्या टोपलीच्या काठावर लगद्याची चिमणी बसलेली असे आणि ती आता उडंल असं वाटे. ईश्वरप्पानं तिला धरून अकरा बायका जमवल्या, बीडला खेटे घालून बाहुल्यांची सहकारी संस्था नोंदवली. गावचे पुढारी सुंदरराव यांनी पडून असलेलं एक गोदाम संस्थेला वापरायला दिलं. बायकांच्या हातातला हातोडा सुटला. जत्रेत राजा-राणी विकले, शाळांना वाघ-ससे दिले, असं करत नऊ-दहा वर्षं संस्था कशीबशी तगली.

मग त्र्याऐंशी साली मुंबईहून एका कंपनीचं पत्र आलं. टीव्हीवर शेतकऱ्यांसाठी बाहुल्यांचा कार्यक्रम बसवायचा होता. बैलजोडी, एक म्हातारी, एक ग्रामसेवक, एक बाई, आणि पस्तिशीचा एक शेतकरी. ईश्वरप्पानं पत्र वाचून दाखवलं तेव्हा छबुबाई म्हणाली, शेतकरी मी करते.

तिनं काही ठरवलं नव्हतं. लगदा हातात घेतला आणि बोटं आपोआप चालली. रुंद जबडा आला, एका बाजूला किंचित झुकलेलं नाक आलं. ते मुंडकं ती पदराखाली घरी घेऊन गेली. केसरबाईची नजर तेव्हाच अधू झाली होती. तिनं ते मांडीवर घेतलं, अंगठ्यानं कपाळ चाचपलं.

"भुवईवर खोक व्हती त्येच्या," ती म्हणाली. "बैलानं मारलेली. डाव्या."

छबुबाईनं खोक केली. पेटी बांधून मुंबईला पाठवताना तिचा हात आखडला होता. पण वाटलं, माणूस एवढ्याशा गावात जन्मला आणि आडात संपला, आता त्याला सगळा मुलूख बघंल. हे ती कुणाला बोलली नाही. केसरबाईला तेवढं सांगितलं.

गावात टीव्ही यायला आणखी दोन वर्षं गेली. ग्रामपंचायतीनं तो आणला, कपाटात कुलूप लावून ठेवला, आणि गुरुवारी संध्याकाळी अख्खी संस्था पंचायतीच्या ओट्यावर जाऊन बसली. केसरबाईला सगळ्यात पुढं, पडद्यापासून हातभर अंतरावर बसवलं होतं.

आधी बैल आले. बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या, ही शिंगं माझी, ही झूल मी शिवली. मग धुळाजी आला. झोकांड्या खात आला. हातात बाटली. कुणा मुंबईकराचा घोगरा आवाज त्याच्या तोंडून बोलत होता. ग्रामसेवक त्याला नवं बियाणं समजावून सांगत होता आणि हा उचक्या देत होता. बांध फोडून पाणी वाया घालवलं म्हणून बायको त्याला लाटण्यानं बडवत होती. दर गुरुवारी हेच, असं ज्यांनी बीडला कार्यक्रम पाहिला होता ते सांगत होते. अडाणी, बेवडा, कुणाचं न ऐकणारा. त्याचं नाव ठेवलं होतं गोंधळ्या. ओटा हसून हसून लोटपोट झाला. जुन्या माणसांनी नाक आणि खोक ओळखली, आणि कुणीतरी मागून म्हणालं, अरे, हा तर आपला धुळाजी.

केसरबाई खांबाला धरून उभी राहिली. माणसांकडं वळून म्हणाली, "माझा धुळाजी दारूला शिवत न्हवता."

एवढंच. मग पडद्यावर आणखी एक लाटणं बसलं आणि मागची पोरंसोरं पुन्हा हसली.

दुसऱ्या दिवशी छबुबाईनं ईश्वरप्पाला सांगितलं की बाहुली परत मागवा, मी दुसरी करून देते. ईश्वरप्पा वाईट माणूस नव्हता. त्यानं खाली मान घालून खिशातून पत्र काढलं. गोंधळ्या सगळ्यांत जास्त चालतोय, त्याची आणखी सहा मुंडकी पाठवा, असं त्यात लिहिलं होतं. बाकी कशाची मागणी नव्हती.

छबुबाई म्हणाली, मी करणार नाही. त्यावर बाकीच्या दहाजणी नुसत्या तिच्याकडं बघत राहिल्या. त्यातल्या सातजणी तिच्याबरोबर खडीवर होत्या. तिनं लगदा भिजत घातला.

सहातल्या दोन मुंडक्यांची नाकं तिनं सरळ केली, खोक बुजवली. ती दोन्ही परत आली. चेहरा जुळत नाही, असं कळवलं होतं. मग ईश्वरप्पानं एका बऱ्या मुंडक्यावरून प्लास्टरचा साचा काढला, म्हणजे कुणीही दाबलं तरी धुळाजीच निघावा.

केसरबाई मात्र गुरुवार चुकवीना. छबुबाईनं एकदा तिला विचारलं, "आत्याबाई, त्यो मार खातो अन् लोकं हसत्यात. तुमी जाता कावून?"

"मंग त्येला बघाया दुसरं काय हाय?" केसरबाई म्हणाली.

शहाऐंशीला पुन्हा पाऊस गेला. पालीच्या धरणाचा तळ दिसायला लागला. गावात टँकर एक दिवसाआड येऊ लागला आणि माणशी दोन घागरी मिळू लागल्या. लगद्याला पाणी लागतं. एक मुंडकं व्हायला घागरभर. प्यायच्या पाण्यात रद्दी भिजवताना टँकरच्या रांगेतल्या बायका शिव्या घालत. धुतलेल्या भांड्यांचं पाणी वापरलं तर लगद्याला बुरशी धरे. कंपनीचं काम मागं पडू लागलं. शेवटी पत्र आलं की तुम्हाला जमत नसेल तर साचा पाठवा, निकडीची मुंडकी आम्ही इकडं करून घेतो. बाकीचं काम तुमच्याकडंच राहील.

साचा गोदामात कोनाड्यात होता. त्या दुपारी छबुबाई एकटीच तिथं होती. तो खाली टाकायला फक्त हात ढिला सोडायचा होता, आणि तिनं तो उचलून घेतलाही. आत बघितलं. आत धुळाजी उलटा होता, नाक आत गेलेलं, खोक उजवीकडं. तिला दहाजणी आठवल्या. बाकीचं काम राहील, असं पत्रात लिहिलं होतं. तिनं जुन्या लुगड्याचा धडपा फाडला, साचा नीट गुंडाळला आणि बीडच्या बसमध्ये ईश्वरप्पाच्या हातात दिला.

त्यानंतर कंपनीचं पत्र आलं नाही. ईश्वरप्पा दोनदा मुंबईला जाऊन आला. दुसऱ्यांदा आल्यावर त्यानं सांगितलं, आता रबरी मुंडकी काढतात, एका दिवसात वीस, पाणी लागत नाही. चाऱ्याची टंचाई होती, म्हणून सुंदररावांनी गोदाम मागून घेतलं आणि तिथं कडब्याचा डेपो केला. उरलेल्या बाहुल्या भिंतीकडं सारल्या, त्यांच्यावर गंजी चढली. सत्त्याऐंशीत संस्था बंद झाल्याचा ठराव झाला. अकराजणींनी अंगठे उमटवले आणि सोमवारी पाझर तलावाच्या कामावर हजर झाल्या.

तलावावर माती उपसताना छबुबाई कधी धुळाजी आठवू बघायची. डोळ्यांपुढं यायचा तो उचकी देणारा, वर बघत मार खाणारा. त्याच्या मागं दुसरा चेहरा होता हे तिला कळत होतं, पण तो काही केल्या पुढं येईना. आपणच केलेला चेहरा खऱ्यासारखा होता की नव्हता, हेही आता ती सांगू शकत नव्हती.

केसरबाईचे डोळे त्या साली पुरते गेले. तरी गुरुवारी ती पंचायतीत न्यायला लावी. पडद्यासमोर बसून नुसती ऐके. एकदा परत येताना, सुनेचा दंड धरून चालता चालता ती थांबली.

"धुळाजीचा आवाज आसाच व्हता का गं?"

छबुबाईनं म्हातारीचा हात आपल्या दंडावर नीट घेतला.

"व्हय आत्याबाई," ती म्हणाली. "आसाच."

म्हातारीनं मान हलवली, आणि दोघी घराकडं चालू लागल्या.