मागे कोण उभं आहे

“पोलिसांनी विचारलं की एवढंच सांगायचं, सेन्सर आधीपासून बंद होता,” असं म्हणत भावोजींनी टेस्टरची कॉलर धरली आणि त्याला गाडीच्या डिकीवर आपटलं. “मेहुणा आहेस ना माझा? मग मेहुण्यासारखा वाग.”

टेस्टर आमच्या गॅरेजचा वायरमन. कानावर टेस्टर अडकवल्याशिवाय त्याला कधी कुणी पाहिलं नाही, म्हणून हे नाव. अंगाने काडीपहिलवान, आवाजही बेताचा. मी डेंटर, माझं काम चेपलेला पत्रा ठोकायचं. हातोडी घेऊन मी पुढे झालो, तर टेस्टरने हातानेच मला थांबवलं.

“आधी बघू तर द्या, भावोजी. बघितल्याशिवाय मी कुणाच्याच गाडीचं काही सांगत नाही.”

गेल्या आठवड्यात याच गाडीने टेस्टरच्या ताईला तिच्या घरामागच्या भिंतीवर चिरडलं होतं. मांडीचं हाड मोडलं, खुब्याचा चुरा झाला. गाडी भावोजी मागे घेत होते. ती मागे आहे हे कळलंच नाही, मागे काही आलं की वाजणाऱ्या सेन्सरने आवाज केलाच नाही, असं त्यांचं म्हणणं. हॉस्पिटलात ताईही तेच म्हणत होती. आता दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडणार होते, म्हणजे भावोजींच्याच घरी. आणि तो सेन्सर बसवला होता टेस्टरने, स्वतःच्या हाताने. आपला जोड सुटला आणि बहीण मोडली, या विचाराने त्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

त्याने किल्ली फिरवली, रिव्हर्स टाकला. लांबलचक, कर्कश आवाज सुरू झाला.

“बघ, बिघडलंय,” भावोजी म्हणाले.

टेस्टर बंपरपाशी उकिडवा बसला आणि एकेका सेन्सरला कान लावू लागला. चालू सेन्सर आतून बारीक टिकटिकतो. कोपऱ्यातला एक गप्प होता. त्याने तो काढून शेजारच्या जागी लावला, तर तिथे तो टिकटिकायला लागला, आणि शेजारचा कोपऱ्यात लावला तो मुका झाला. म्हणजे सेन्सर ठीक, दोष तारेत. मी बंपर उतरवून दिला. टेस्टर बोटांनी तार चाचपत गेला. त्याचा जोड होता तिथेच होता, टेपसकट. तिथून वीतभर पुढे तार तुटलेली.

त्याने मला ते टोक दाखवलं. “ओढून तुटली असती तर तारा लांबट, कमीजास्त झाल्या असत्या. ही कात्रीने नख कापावं तशी आहे. आणि तांबं बघ, अजून लाल आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे कापलीय. अपघातानंतर. आणि तार तुटली की हे गप्प बसत नाही, बोंबलतं. आत्ता ऐकलंस ना? यांना तर काहीच ऐकू आलं नव्हतं.”

तो हे इतक्या हळू बोलला की बाजूला सिगारेट ओढणाऱ्या भावोजींना कळलंही नाही. त्याने तार जोडली, टेप गुंडाळली, आम्ही बंपर चढवला.

सेन्सरचं काम झालं की टेस्टर स्वतः गाडीमागे उभा राहायचा आणि रिव्हर्स मला घ्यायला लावायचा. दुसऱ्या कुणाला उभं करायचा नाही. आज मात्र तो स्टिअरिंगवर बसला.

“भावोजी, जरा मागे भिंतीपाशी उभे राहा. तपासून बघतो.”

मेहुणा वठणीवर आला असं भावोजींना वाटलं असावं. ते ऐटीत उभे राहिले.

गाडी मागे सरकली. बिप. मग बिप-बिप. मग एकसलग. भावोजींची सिगारेट गळून पडली. बंपर त्यांच्या गुडघ्यांना भिडला आणि थांबला नाही.

“वाजतंय का, भावोजी?”

“वाजतंय! थांब!”

“ताई होती तेव्हा वाजत होतं?”

ते डिकीवर मुठी आपटत होते, शिव्या देत होते. टेस्टरने क्लच अजून थोडा सोडला. गुडघ्यातून काहीतरी कडकन वाजलं. पँट रक्ताने भिजली. माझ्या हातात हातोडी होती आणि मी जागचा हललो नाही. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

“वाजत होतं,” भावोजी किंचाळले. “उलट बोलली मला. डोकं फिरलं माझं.”

टेस्टरने गाडी पुढे घेतली, बंद केली, आणि खाली उतरून भडाभडा ओकला. तो वाकलेला असतानाच लंगडत आलेल्या भावोजींनी जॅकचा दांडा त्याच्या कानावर हाणला. दुसऱ्यांदा दांडा उचलला तेव्हा मी हातोडी घातली, सरळ मनगटावर. मग पोलिस आले. जे ऐकलं ते मी सांगितलं, जे केलं तेही सांगितलं. भावोजींना ते घेऊन गेले, आम्हाला जबाबावर तूर्त सोडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ताईला आणायला गेलो, टेस्टरच्या खोलीवर न्यायला. त्याच्या उजव्या कानाला पट्टी होती. त्या कानाने आता ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“ताई, माझा जोड सुटला नव्हता,” तो म्हणाला.

“माहितीये रे मला.” ती चादरीची कड चुरगाळत राहिली. “शेवटपर्यंत वाजत होतं. माझ्या तोंडून तर आवाजच फुटेना. ते ओरडत होतं तेवढंच.”

 टेस्टरने तिला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं.

हॉस्पिटलच्या दारात मी गॅरेजचा टेम्पो रिव्हर्सला टाकला आणि बिप-बिप सुरू झालं. आरशात ताई दिसली. तिने खुर्चीचे दांडे घट्ट धरले होते, डोळे मिटले होते. टेस्टर तिच्या पुढ्यात येऊन, गाडीकडे तोंड करून, नेहमीसारखा उभा राहिला. टेस्टर त्याने डाव्या कानावर लावला होता. हाताने तो मला खुणावत होता, ये, अजून ये.