खोकल्याची जागा

आठवडाभर दवाखान्याच्या धुलाईघरात ओल्या चादरी उपसून बाईंचे खांदे शनिवारपर्यंत गळून जात, आणि रविवारी चर्चमधली सामूहिक उपासना, मिस्सा, आटोपली की त्याच खांद्यांवर धर्मशिक्षणाचा वर्ग येऊन बसे. चर्चच्या मागची खोली, एक पाय आखूड असलेलं टेबल आणि यंदा पहिलं कम्युनियन, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर, घेणारी पोरं. आपण हे का करतो, असं बाईंना अलीकडे दर रविवारी वाटे. पण कोणी ‘मी घेतो वर्ग’ म्हणून पुढे येत नव्हतं, आणि गळ्यात पडलेलं काम टाकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्या रविवारी फादर परीक्षा घ्यायला आले. नवे होते, वयाने लहान, आणि अजून सगळ्यांशी हसून बोलत होते. म्हणाले, “चला, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणून दाखवा.”

पोरं हात जोडून उभी राहिली. सुरुवात झोकात झाली. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’पर्यंत एकही अडखळलं नाही. आणि मग सगळा वर्ग एका सुरात खोकला. चांगला घसा खाकरून, मूठ तोंडाशी नेऊन खोकला, आणि लगेच ‘तशी तू आमच्या अपराधांची क्षमा कर’ म्हणत पुढे गेला.

फादरांना वाटलं, साथ आहे. त्यांनी एकेकाला म्हणायला लावलं. एकेक जण त्याच जागी खोकला.

“अरे, सगळ्यांना सर्दी झाली की काय?”

पहिल्या रांगेत बसणारी, सगळे जिला चिमणी म्हणत, ती म्हणाली, “नाही फादर. तिथे खोकायचं असतं.”

“कोणी सांगितलं?”

“सांगितलं नाही. बाई खोकतात ना.” फादरांना एवढंही कळू नये याचं तिला वाईट वाटलेलं दिसलं. “उठायचं तिथे उठायचं, गुडघे टेकायचे तिथे टेकायचे, खोकायचं तिथे खोकायचं.”

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. फादर हसले नाहीत, त्यामुळे आणखीच वाईट वाटलं. पोरांना बाहेर सोडून ते हळू आवाजात म्हणाले, “येत्या रविवारी कम्युनियनच्या आधी मुलं सगळ्यांसमोर ही प्रार्थना म्हणणार आहेत. ती ओळ तेवढी शिकवा. नाहीतर मी शिकवतो.”

“मी शिकवते,” बाई म्हणाल्या. म्हणून तर बसल्या, पण शिकवायची कशी?

‘आम्ही जशी आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ ही ती ओळ. आई गेल्यापासून ती बाईंच्या तोंडून निघाली नव्हती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं बाईंनी केलं, धुलाईघरातून येऊन पुन्हा चादरीच धुतल्या. धाकटी बहीण दुसऱ्या गावी होती, शिवणाच्या कारखान्यात. ती आली तेव्हा शवपेटीचं झाकण लागलं होतं. पुढे ती याच गावात राहायला आली, याच चर्चला येऊ लागली, आणि दोघी बहिणी मधली वाट सोडून दोन बाजूंना बसू लागल्या. मिस्सेत हातात हात घेऊन शांती देण्याघेण्याची वेळ आली की बाई अनोळखी माणसांचे हात दाबत आणि त्या बाजूला बघत नसत. यंदा धाकटीची मुलगीच वर्गात होती. तिच्याशी बाई इतर पोरांसारख्याच वागत, म्हणजे तशी त्यांची समजूत होती.

क्षमा केलेली नाही, मग देवासमोर ‘करतो’ कसं म्हणायचं? खोटं बोलण्यापेक्षा खोकलेलं बरं. हा त्यांचा प्रामाणिकपणा. अट गाळायची आणि मागणं मात्र पुढे रेटायचं, यात काही गफलत आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. ध्यानात आलं की त्या दुसरं काही काम काढत.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो बस चालवून आला होता आणि पाय गरम पाण्यात सोडून बसला होता.

“शब्दच आहेत. म्हणून टाक,” तो म्हणाला.

“म्हणून टाकायला तो काय पाढा आहे, अहो?”

“मग नको म्हणूस. पण पोरांना कशाला आपल्या भांडणात ओढतेस?”

बाई भांडी आपटत घासत राहिल्या.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी जादा वर्ग बोलावला. ओळ फळ्यावर लिहिली, तिच्यावर छडी ठेवून म्हणाल्या, “वाचा.” पोरांनी वाचली. मग ‘आता पाठ म्हणा’ म्हटल्यावर पोरं त्या जागी आली, गप्प झाली आणि सगळी बाईंच्या तोंडाकडे बघू लागली. बाईंनी तोंड उघडलं. जुन्या सवयीने खोकला आला, आणि पाठोपाठ सगळा वर्ग सुटका झाल्यासारखा खोकला.

वर्ग सुटला तरी भाची मागे राहिली. फळा पुसू लागली. पुसता पुसता म्हणाली, “मावशी, आईपण तिथे खोकते.”

“कोण?”

“आई. घरी, प्रार्थनेला. मला वाटलं, आपल्याकडे तसंच म्हणतात.”

बाई टेबलाला टेकल्या. ते आखूड पायावर कलंडलं. इतकी वर्षं क्षमा करायची की नाही हे आपल्याच हातात आहे, असं त्या धरून चालल्या होत्या. पलीकडेही कोणी क्षमा अडवून धरली असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना राग आला. आणि राग चढता चढताच त्या इतक्या थकल्या की तो पुरता चढलासुद्धा नाही.

धाकटी नेहमीसारखी फाटकाबाहेर उभी होती. कधी आत येत नसे. बाई भाचीचा हात धरून तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“तू कशाला खोकतेस? तुझं मी काय वाकडं केलं?”

धाकटीने मुलीकडे पाहिलं, मग बहिणीकडे. “आईच्या वेळी तू फोनवर म्हणालीस, जमलं तर ये. मी म्हटलं, म्हणजे एवढं काही नाही. रविवारी सुट्टी होती, रविवारी निघाले.”

“अगं, तो टोमणा होता.”

“मला नाही कळला.” तिचा आवाज फुटला. “तुझे टोमणे ऐकत लहानाची मोठी झाले, ताई. तो एकच कळला नाही. सरळ ‘ये’ म्हणाली असतीस तर चालत आले असते.”

सरळ ‘ये’ म्हणायचं ओठावर आलं होतं, हे बाईंना अजून आठवत होतं. पण तिचं तिला कळायला हवं, असं त्यांना त्या दिवशी वाटलं होतं.

“आई विचारत होती का माझं?” धाकटीने विचारलं.

हे एक बाईंनी एवढी वर्षं आपल्याजवळ ठेवलं होतं. द्यायचं नाही म्हणूनच ठेवलं होतं.

“शेवटपर्यंत,” त्या म्हणाल्या. “मला तुझ्याच नावाने हाक मारायची.”

धाकटी फाटकाला धरून रडली. बाईंनी तिला जवळ घेतलं नाही, तेवढं जमलं नाही. पण ती शांत होईपर्यंत त्या तिथून हलल्याही नाहीत.

रविवारी पोरं पांढऱ्या कपड्यांत वेदीसमोर उभी राहिली. बाई पहिल्या बाकावर होत्या, कोणी अडलं तर ओठ हलवून सांगायला. धाकटी पलीकडच्या बाजूला, नेहमीच्या जागी. प्रार्थना सुरू झाली आणि त्या जागी येऊन थांबली. खोकायचं नाही, हे बाईंनी बजावल्यामुळे पोरांना आता पक्कं ठाऊक होतं. पण बाईंशिवाय पुढे जायला ती तयार नव्हती.

बाईंनी ओळ म्हटली. आवाज घोगरा निघाला, कित्येक वर्षं न उघडलेल्या दारासारखा कुरकुरला. ‘अपराध्यांना’पाशी मधल्या वाटेपलीकडून आणखी एक आवाज येऊन मिळाला, अर्धा शब्द मागे. मग पोरांनी दोघींना गाठलं आणि सगळे मिळून पुढे गेले.

‘आमेन’नंतर बाईंना खरोखरचा खोकला आला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चिमणी रांगेतून वाकून कुजबुजली, “बाई, इथे नाही खोकायचं.”

“हो गं,” बाई म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसलं.