उसनी जीभ

ऑफिसात तिला ‘जीभ’ म्हणत. ते टोपणनाव कमी आणि हुद्दा जास्त होता. प्रवासाच्या मासिकात खाण्याचं पान तिचं. कुठल्याही गावी जावं, चार घास खावेत आणि भांड्यात काय काय पडलंय ते डोळे मिटून सांगावं. एकदा संपादकांच्या डब्यातलं तेल जुनं आहे हे तिनं झाकण पुरतं उघडायच्या आत ओळखलं होतं. तेव्हापासून ते डबा तिच्यापासून चार हात लांब ठेवत.

त्या जिभेला सहा आठवडे झाले, चव नव्हती. साधा ताप आला, चार दिवसांत गेला, आणि जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल. कधी येईल ते म्हणाले नाहीत. ती घरी आली आणि कुणाला काही बोलली नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो काळजी करत बसला असता, आणि काळजी करायला त्या घरात एकटी ती पुरेशी होती. संपादकांना सांगितलं असतं तर पान गेलं असतं. बोथट सुरी कोण ठेवतं ओट्यावर?

मागचं पान तिनं आठवणीवरून लिहिलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग हे काम आलं: समुद्रकाठचं शहर, तीन दिवस, तीन पानं. निसर्ग, संस्कृती आणि खाणं. नवऱ्याला सुट्टी नव्हती म्हणून तीन वर्षांची लेक ठकी बरोबर, आणि ठकीला सांभाळायला सासूबाई.

पहिली दोन पानं डोळ्यांनी लिहायची होती, ती झाली. शहरामागची हिरवी टेकडी पाहिली, खाडीतल्या चिखलात एका पायावर उभे असलेले पांढरे पक्षी पाहिले. जुन्या होड्यांच्या संग्रहालयात शिडाला लावलेली ठिगळं मोजली, चौकातल्या वाजंत्र्यांचं वाजवणं शेवटपर्यंत ऐकलं. सगळं छान होतं. छान आहे हे तिला कळत होतं, पत्ता बरोबर आहे हे कळावं तसं. समुद्राला वास नसला की तो काचेपलीकडे असल्यासारखा दिसतो, हे तिला पहिल्यांदाच समजलं. वहीत तिनं ‘निळा’ लिहिलं, मग खोडून ‘करडा’ लिहिलं. दोन्हीनं काही फरक पडला नाही.

राहिलं खाण्याचं पान. ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोनवर वाचून दाखवायचं होतं.

त्यासाठी तिनं एक युक्ती काढली होती. खायचं तिनं, आणि चव काढून घ्यायची सासूबाईंकडून, बोलता बोलता. पण ही युक्ती करताना आपली सासू कोण आहे हे ती विसरली होती. उभ्या जन्मात त्या बाईनं कशाचीही तोंडभरून स्तुती केली नव्हती. मुलाच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्या "बरं आहे" म्हणूनच उठल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी बंदराजवळच्या खाणावळीत शिंपल्यांचं सूप आणि निखाऱ्यावर भाजलेला मासा आला. तिनं चमचा तोंडात घेतला. गरम. ओलं. मग काहीतरी रबरासारखं.

"कसं वाटलं, अहो आई?"

"बरं आहे."

"म्हणजे आंबट जास्त वाटतंय का?"

"असेल."

"आणि कालच्यापेक्षा?"

"कालचंही बरं होतं."

ती ठकीकडे वळली. ठकीकडे चवीचे एकूण तीनच शब्द होते: तिखट, गोड आणि शी.

"ठकू, कसं आहे गं सूप?"

"टेबल हलतंय," ठकी म्हणाली.

खाणावळीची मालकीण ताटं उचलायला आली. जाडजूड, हसरी बाई, कमरेला ओला पंचा. "काही कमीजास्त झालं का?" तिनं विचारलं.

"छे, सगळं अगदी बेतशीर. मीठसुद्धा नेमकं," ती म्हणाली. हे वाक्य गेले सहा आठवडे तयारच असे.

मालकीण खूश होऊन गेली. सासूबाई सुनेकडे बघत राहिल्या, मग हात धुवायला उठल्या.

खोलीवर आल्यावर ठकीला दूध हवं होतं. सकाळी आणलेलं दूध खिडकीतच राहिलं होतं, उन्हात. तिनं भांड्याचं झाकण काढलं, नेहमीसारखं नाकाशी नेलं, हुंगलं आणि पेल्यात ओतलं. ठकी जन्मल्यापासून एकही घोट, एकही घास तिनं हुंगल्याशिवाय लेकीच्या तोंडी लागू दिला नव्हता. हाताची सवय तशीच होती. ठकीनं पेला दोन्ही हातांनी धरला.

सासूबाईंनी तो वरच्या वर काढून घेतला.

"नासलंय."

"मी वास घेतला होता," ती म्हणाली.

"घेतलास. बघितलं मी."

त्यांनी दूध मोरीत ओतलं, पेला विसळला, पालथा घातला आणि ठकीच्या हातात बिस्कीट दिलं. ठकी रडायचं की खायचं याचा विचार करत उभी राहिली आणि शेवटी बिस्कीट खाऊ लागली.

तिला वाटलं, आता आपल्याला घाम फुटेल, रडू येईल. काहीच आलं नाही. ती पेल्याच्या बुडाकडे बघत होती. तिथे एक थेंब गोल फिरत फिरत कडेला आला.

"कधीपासून कळलंय तुम्हाला?"

"महिना झाला. भाजीत मीठ दोनदा पडलं माझ्या हातून. मला घास गिळवेना, आणि तू दुसऱ्यांदा वाढून घेतलीस."

"तुम्हाला वाटलं नाही, मी तुमचा मान राखला म्हणून?"

"माझ्या भाजीचा मान तू कधी राखलास?" सासूबाई म्हणाल्या. "ताटात कडेला ढीग लावून ठेवतेस, नऊ वर्षं बघतेय. मग म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल. आणि दुपारी त्या बाईला काय म्हणालीस? मीठ नेमकं? अळणी होतं ते, अगं. पार अळणी."

"मग तुम्ही ‘बरं आहे’ म्हणालात ते?"

"लोकांच्या दारात जाऊन नावं ठेवायची का?"

ती खाटेच्या काठावर बसली. मग तिनं वही उघडली. "आता सांगाल?" ती म्हणाली. "जसं होतं तसं."

सासूबाईंनी पदराला हात पुसले.

"सूप म्हणजे घाईच्या माणसासारखं. लिंबू आधी येतं, ओरडतं, आणि शिंपल्याला बोलूच देत नाही. मासा मात्र चांगला. वरून करपलेला, आत दमदार, कमी बोलणारा. त्याला लिंबू नकोच. कालच्या पावात सोडा जास्त, जिभेवर साबण फिरल्यासारखा. परवाच्या भातात मोठेपणा फार, चव दोन घासांची."

ती लिहीत होती. इतकी वर्षं ही बाई ‘बरं आहे’च्या झाकणाखाली एवढं झाकून बसली होती. हसू यायला हवं होतं. ओठ थोडे हलले, तेवढंच.

चार वाजता संपादकांचा फोन आला. तिनं पान वाचून दाखवलं. पलीकडे ते मोठ्यानं हसले.

"लिंबू शिंपल्याला बोलू देत नाही! वा. फॉर्मात आहे आमची जीभ."

एवढ्यावर फोन ठेवता आला असता. सासूबाई ठकीची चप्पल शोधायला वाकल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"सर, हे माझं नाही. हे माझ्या सासूबाईंचं आहे. मला चव लागत नाही. वासही येत नाही."

हसणं थांबलं.

"कधीपासून?"

"सहा आठवडे."

"म्हणजे मागचं पान..."

"आठवणीवरून लिहिलं होतं."

"हे पान मी तूर्त ठेवतो," ते म्हणाले. "पुढचं तुम्ही आल्यावर बोलू. काय ते आत्ता नाही सांगता येत मला."

"बरं आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

गाडीला अजून दोन तास होते. तिघी समुद्रावर गेल्या. सासूबाईंनी साडी घोट्यापर्यंत उचलली, लाट आली तशा दोन पावलं मागे सरल्या आणि पुन्हा तिथेच येऊन उभ्या राहिल्या. ठकीनं पाण्यात हात बुडवला आणि बोट तोंडात घातलं.

"अगं, घाण असेल ते," ती म्हणाली, पण बोट काढायला पुढे गेली नाही. सासूबाईंकडे पाहिलं. त्या मानेनंच म्हणाल्या, असू दे.

"शी," ठकी म्हणाली. "आई, तू खा."

तिनं लेकीचं ओलं बोट जिभेवर घेतलं. गार होतं, आणि थोडी वाळू होती. नेहमीचं वाक्य ओठांवर तयार होतं.

"मला नाही कळत गं," ती म्हणाली. "तूच सांग."