आधी ख्यालीखुशाली

हॉलंडच्या पथकाचं पत्र तीन ओळींचं होतं. तुमच्या देशातल्या एका प्रसूतिगृहाच्या संगणकात चोर शिरलाय, अर्ध्या तासात तो सगळ्या नोंदी कुलूपबंद करील, वायर काढा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. सायराकुलने घड्याळ पाहिलं आणि फोन उचलला.

संगणकांवरचे हल्ले निस्तरणाऱ्या बिश्केकच्या कचेरीत ती अकरा वर्षं होती. माणसं इनमीन चार. अशी पथकं जगभर आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, हे तिला पत्रांवरूनच कळलं होतं. जपानवाले हवापाणी विचारून, माफी मागून मग संकट सांगत. हॉलंडवाले माणूस मेला तरी नंबर घालून कळवतील, असं ती चिडून म्हणायची. इथे पत्राला कोणी विचारत नाही. फोनच करावा लागतो, आणि वाईट बातमी एकदम तोंडावर फेकायची नसते.

डोंगरापलीकडच्या त्या प्रसूतिगृहाच्या नोंदी मुकाशबाइके सांभाळत; वडीलधाऱ्या पुरुषाला इथे मानानं बाइके म्हणतात. वय पासष्ट, नुकतीच हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. चाळीस वर्षांच्या जन्मनोंदी त्यांनी कुजक्या वह्यांतून एका बोटानं टाइप करून संगणकात घातल्या होत्या. त्यात सहा वर्षं गेली. वह्या मग फेकून दिल्या.

सायराकुलने तब्येत विचारली. त्यांनी तिच्या आईचे गुडघे विचारले. मग नातवंडं झाली, मेंढ्या झाल्या, खिंडीतला बर्फ झाला. "तुमच्या संगणकाला जरा बरं नाही म्हणतात," इथवर ती आली, तेव्हा बाइके चहा ओतत होते. चहा घेऊन बघतो, म्हणाले. आत्ताच्या आत्ता उठा, असं तिला सांगायचं होतं. पण त्या छातीवरचे टाके आठवले आणि तिची जीभ रेटेना.

चहा संपला तेव्हा नोंदीही संपल्या होत्या. प्रत होती, पण ती बाइकेंनी जपून त्याच संगणकाला जोडून ठेवलेली.

दुपारी हॉलंडहून फॉर्म आला. वायर काढायला उशीर का झाला, असा एक रकाना होता. सायराकुलने 'ख्यालीखुशाली विचारत होते' असं लिहिलं आणि खोडलं. रकाना कोरा गेला. तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकाशबाइकेंचा फोन आला.

"मुलगा गेला तेव्हा सात जण आले होते सांगायला," ते म्हणाले. "चहा होईपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही. मला फाटकातच कळलं होतं, तरी बसून ऐकलं. यंत्रासाठी कशाला गं बसवलंस मला?"

"चुकलं, बाइके."

"वायर काढून ठेवलीय आता," म्हणाले, आणि फोन ठेवला.

आई बरी आहे, हे उत्तर सायराकुलच्या ओठांवर तयार होतं. त्यांनी विचारलंच नाही.